सरासरीचं पाणी

“सरासरीत अजून कुणी बुडालेलं नाही,” असं ती एकदा म्हणाली होती. ऑफिसात ते विनोद म्हणून खपलं.

धरणाच्या ऑफिसात मागच्या खोलीत तिचं टेबल. भिंतीला ओल, पंख्याला कुरकुर. पाऊस जुन्या हिशेबाने पडेनासा झाला, तेव्हा संगणकावर एक प्रोग्रॅम आला होता. तो एकच भविष्य सांगत नसे. तलावाचं पुढे काय काय होऊ शकेल, ते सगळं रेघा काढून दाखवी. कुठली रेघ वर चढे, कुठली तळाला जाई. त्या बघून, दरवाजे उघडायचे की नाही, एवढा सल्ला तिने सहीनिशी द्यायचा. शिपाई तिला भविष्यवाली म्हणे. “तुझं लग्न सोडून काहीही विचार,” ती म्हणे.

मागच्या वर्षी बहुतेक रेघा वर गेल्या. तिने पाणी सोडायला सांगितलं, आणि पाऊस भलतीकडेच जाऊन पडला. उन्हाळाभर शहरातल्या नळांना घरघर लागली. शेजारणीने तिच्या दारात रिकामी बादली पालथी घातली. मग साहेबांनी नियम केला, की यापुढे सगळ्या रेघांची सरासरी काढायची आणि तीच मानायची. तिनेही कानाला खडा लावला. सरासरीला कुणी शिव्या देत नाही.

आज दुपारी रेघा दुभंगल्या. निम्म्या तलावाच्या काठावरून सांडल्या, निम्म्या गाळात रुतल्या. मधे एकही नव्हती. सरासरी मात्र बरोबर मधोमध, सुरक्षित पातळीवर.

“झकास,” साहेब म्हणाले. “दरवाजे बंदच ठेवा.”

“साहेब, मधलं कुणीच सांगत नाहीये. एक तर पूर, नाही तर कोरडं. थोडं पाणी आत्ता सोडू. पूर आला तर खालची गल्ली वाचेल. नाही आला तर दिवसाआड पाणी देऊन उन्हाळा निघेल.”

“म्हणजे दोन्हीकडून शिव्या.” साहेब माणूस वाईट नव्हता. मागच्या वर्षी लोकांनी त्यांची गाडी अडवली होती; मुलगी आत बसलेली होती. “बाई, पूर नक्की येणार असं लिहून द्या, आत्ता दरवाजे उघडतो. ‘कदाचित’वर मी पाणी सोडणार नाही.”

ती बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये आली आणि धाकट्या भावाला फोन लावला. नदीकाठच्या खालच्या गल्लीत त्याचं घर, खाली शिलाई मशीनच्या दुरुस्तीचं दुकान, आत अंथरुणाला खिळलेली सासू.

“आजच्या आज सगळे माझ्याकडे या.”

“ताई, मागच्या वर्षीही आलो होतो. म्हातारीला खुर्चीत बसवून चौघांनी उचललं, आठवतंय? तिची पाठ सोलली. आणि ऊन पडलं कडकडीत.”

“या वेळी ऐक माझं.”

“नक्की आहे का?”

“निम्मं-निम्मं आहे,” ती म्हणाली. भाऊ हसला, पण त्यात विष नव्हतं. “मग राहू दे. गल्लीत आधीच मला भविष्यवालीचा भाऊ म्हणतात.”

ती परत आत गेली. साहेबांनी कागद पुढे सरकवला. इतक्या वर्षांत तिने ‘शक्यता आहे’ याच्या पलीकडे एक अक्षर लिहिलं नव्हतं. संगणकावर रेघा तशाच होत्या, निम्म्या वर, निम्म्या खाली. पूर आला नाही, तर शहर पुन्हा तहानलेलं राहील, आणि या खोलीतून निघालेल्या कागदावर कुणी कधी विश्वास ठेवणार नाही. खरा पूर येईल, तेव्हाही नाही.

तिने लिहिलं: पूर नक्की येणार. खाली सही केली.

साहेबांनी वाचलं, फोन उचलला, दरवाजे उघडायला सांगितले. मग रिसीव्हर ठेवून तिच्याकडे वळले.

“मघाशी तर तुम्ही निम्मं-निम्मं म्हणत होतात. आता ही खात्री कुठून आली?”

तिने पेनाला टोपण लावलं, खुर्चीच्या पाठीवरची पिशवी खांद्याला अडकवली, आणि बाहेर पडली.