चौदा मिनिटांचं रेकॉर्डिंग

आधी माझी चूक सांगतो, कारण ती वगळली तर पुढचं सगळं खोटं ठरेल. माझी पत्नी सुलभा हिच्या केमोथेरपीच्या काळात मी तिला एक गोष्ट खोटी सांगितली, आणि जवळजवळ दोन वर्षं ती तशीच राहू दिली.

पुढे जे सांगणार आहे, असल्या अनुभवांवर माझा विश्वास नव्हता. मरोळच्या एका कारखान्यात मोजमापाची उपकरणं तपासणं हे माझं काम. जे घड्याळात आणि काट्यावर दिसतं तेवढंच खरं मानायची सवय.

आम्ही गोरेगाव पूर्वेला राहतो, तिसऱ्या मजल्यावर. तिसऱ्या केमोनंतर सुलभाला पाण्याचा ग्लास नुसता पाहिला तरी उमासे यायचे. उमाशांवरच्या गोळ्या चालू होत्याच. केमो एकूण सहा घ्यायचे होते... पण चौथ्याला मी येणार नाही, असं तिने मला अगदी शांतपणे सांगून टाकलं.

तेव्हा हॉस्पिटलमधल्या समुपदेशक बाईंनी मला एकट्याला बोलावून एक छापील कागद दिला. पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेक स्नायू आवळायचा, सोडायचा, सोबत संथ श्वास घ्यायचा. औषधांच्या जोडीला याची मदत होते, म्हणाल्या. अट एकच — घरच्या माणसाने जवळ बसून वाचायचं, आणि तिचा श्वास पूर्ण बाहेर पडल्याशिवाय पुढची ओळ घ्यायची नाही. "कागदाकडे कमी बघा, त्यांच्याकडे जास्त," असं त्यांनी मला बजावलं.

पहिल्या दिवशी मी वाचलं. दुसऱ्या दिवशी मला तिच्याकडे बघवेना. आवळलेली मूठ सोडताना तिचा हात थरथरायचा, आणि मिटलेल्या डोळ्यांचा तो चेहरा मला भलतंच काही सुचवायचा. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात उभं राहून मी अख्खा कागद एका दमात तिच्या मोबाईलवर रेकॉर्ड केला. चौदा मिनिटं. बाईंनीच असं करायला सांगितलंय, असं तिला सांगितलं. तेव्हा माझी सकाळची पाळी असे. रोज दुपारी चारला ती इअरफोन लावायची, आणि मी खाली जाऊन सोसायटीच्या गेटपाशी उभा राहायचो.

तिची धाकटी बहीण रंजना मुलुंडहून डबा घेऊन यायची. एकदा म्हणाली, "भावोजी, आमच्या ह्यांना टीव्हीचा आवाज कमी करायला सांगितलं तर कपाळाला आठ्या पडतात. तुम्ही बघा, बायकोसाठी कॅसेट काढलीत." मी हसून वेळ मारून नेली.

आठवड्याभरात फरक पडला. सुलभा मऊ भात खाऊ लागली, चौथ्या केमोला आली. त्यानंतरच्या एका सकाळी ती सहज म्हणाली, "काल मला उमासा आला तेव्हा किती थांबलात हो. रोज एवढं नाही थांबत."

"रेकॉर्डिंग आहे गं ते. थांबेल कसं?"

"मला काय विचारता? आवाज तुमचा आहे ना."

औषधांची ग्लानी असेल, असं मी स्वतःला समजावलं. पण मन स्वस्थ बसेना. त्या दुपारी मी खाली गेलो नाही. घड्याळ काढून हातात धरलं आणि दारात खुर्ची टाकली. नवव्या मिनिटाला तिला उमासे आले. घमेलं पुढे ओढून ती ओकली, चूळ भरली, पुन्हा आडवी झाली. बिनतारी इअरफोन कानातच होते, मोबाईल दूर टेबलावर. चौदा मिनिटं झाली... अठरा झाली, तरी तिचे खांदे सूचनेबरहुकूम वर होत होते, खाली येत होते. तेविसाव्या मिनिटाला तिने डोळे उघडले.

संध्याकाळी ती फाईल मी दोनदा ऐकली. चौदाच मिनिटं. घाईघाईने वाचलेलं, ओळी गिळलेल्या.

दुसऱ्या दिवशी तिच्याजवळ बसून एक इअरफोन मी माझ्या कानात घातला. "खांदे कानांपर्यंत उचल," इथवर माझाच तो घाईचा आवाज होता. इतक्यात तिला ठसका लागला आणि आवाज थांबला. मोबाईलवर सेकंदांचे आकडे जागच्या जागी उभे. मात्र शांतता रिकामी नव्हती. कुणीतरी जवळ बसून वाट पाहत असावं, तसा श्वास मला ऐकू येत होता. ठसका ओसरला, तिचा श्वास पूर्ण बाहेर पडला, आणि मग माझ्याच आवाजात शब्द आले — "आता सोड. सावकाश. मला घाई नाही."

हे कागदावर नव्हतं. मी ते कधीच म्हटलं नव्हतं.

सहाही केमो पार पडले. गोरेगावच्याच एका स्टुडिओत साउंडचं काम करणाऱ्या शेजाऱ्याला मी नंतर ती फाईल ऐकवली. कुठे काही कापलेलं नाही, जोडलेलं नाही, म्हणाला. तेव्हाही चौदा मिनिटं, आजही चौदा मिनिटं. याचा उलगडा मला झालेला नाही. माझ्या आवाजात तिच्याजवळ कोण बसत होतं, ते मला माहीत नाही. मी बसत नव्हतो, एवढं मात्र नक्की माहीत आहे.

गेल्या महिन्यात तपासणीला गेलो तेव्हा त्या समुपदेशक बाई भेटल्या. सुलभाच्या देखतच म्हणाल्या, रोज शेजारी बसून वाचणारा नवरा सगळ्यांना मिळत नाही. सुलभाने माझ्याकडे पाहिलं. घरी आल्यावर कपड्यांच्या घड्या घालता घालता तिने विचारलं, "बाई काय म्हणत होत्या ते?"

त्यांचा घोटाळा झाला असेल, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी तिच्या हातातली साडी काढून बाजूला ठेवली आणि तिच्यासमोर बसलो.

"त्यांनी मला तुझ्याजवळ बसून वाचायला सांगितलं होतं, सुलभा. रेकॉर्डिंग ही माझी कल्पना. तुझ्याकडे बघायची मला भीती वाटायची, म्हणून तुला एकटीला टाकून मी खाली जाऊन उभा राहायचो. माझं चुकलं. मला माफ कर."