वाटी घेऊन खिंडीपलीकडे

निघाले तेव्हा पायात लोकरीचे मोजे होते आणि गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी. आमच्या मंडळातल्या बायका यात्रा करून आल्या की फोटो दाखवतात आणि पाय किती दुखले ते सांगतात. माझे पाय निघण्याआधीच दुखत होते. तो भाग वाचकांनी धरून चालावा.

विश्रांतवाडीच्या फ्लॅटमधून मी बाहेर पडले नाही. जेवणाच्या टेबलाशी बसले, हातात बटणांचं यंत्र, समोर टीव्ही होता, आणि जायचं होतं त्याच्या आतल्या मुलखात. हा मुलूख माझी नात मृणाल आणि तिच्या कंपनीतली मंडळी बनवतात. व्हिडिओ गेम म्हणतात त्याला. माणूस त्यात फिरतो, लढतो, मरतो आणि पुन्हा उठतो. लोक त्यासाठी पैसे मोजतात.

मृणालच्या वाट्याला त्यातलं एक गाव आलं होतं, धुकेवाडी. नोकरीला लागल्यापासून ती त्यावरच खपत होती. आता तिचे साहेब म्हणत होते की गाव काढून टाकू. साहेबांचं नाव निनाद. तिथे साहेबालाही नुसत्या नावाने हाक मारतात. खेळून पाहणारे सगळे धुकेवाडीतून पळत जातात, कुणी थांबत नाही, असं त्याचं म्हणणं. सोमवारी निकाल होता. त्याआधी कधीच न खेळलेल्या एका माणसाला बसवायचं, तो काय करतो ते रेकॉर्ड करायचं आणि त्यावरून ठरवायचं. मृणालला असा माणूस घरातच सापडला.

"मी मध्ये काही बोलणार नाही, आजी. नियम आहे. नुसती मागे बसणार."

"तू गप्प बसणार? मग पुढे आणखी काय चमत्कार बघायचा राहिला?"

पहिलं ठाणं अंग निवडण्याचं, म्हणजे आत कोण होऊन फिरायचं ते. एक तलवारवाला, एक धनुष्यवाली, एक जादूगार. तिघेही सडपातळ.

"यात म्हातारी नाही का?"

"म्हाताऱ्या गावात असतात, आजी. वाट सांगायला."

मी तलवारवाला घेतला. त्याला मिशा होत्या. नवऱ्याला आयुष्यभर मिशा होत्या, त्याला काही फार अवघड गेलेलं मी पाहिलं नव्हतं.

मुलूख चांगला आहे. उतरले ती माळावर. गवत गुडघाभर, लांब निळे डोंगर, मध्ये नदी. खडकवासल्याच्या मागच्या अंगाला असतं तसं, फक्त कणसाच्या गाड्या आणि प्लॅस्टिक नाही. वाटेत एक धुनी पेटलेली होती (तिथे बसलं की तोवरचा प्रवास जमा होतो, मेलं तर पुन्हा तिथूनच उठायचं, झोळीतलं सामान मात्र आपल्यापाशीच राहतं). मी बसले. मग नदीकडे गेले आणि थेट पाण्यात शिरले, कारण थांबायचं बटण कुठलं ते लक्षात नव्हतं. बुडाले. धुनीपाशी उठले. कपडे कोरडे होते. मृणाल मागे खोकली. खोकण्याबद्दल नियम नसावा.

दुसऱ्या खेपेला पूल सापडला.

धुकेवाडी पुलापलीकडे आहे. दगडी घरं, ओल्या भिंती, दारात वाळत घातलेल्या मिरच्या, कोंबड्या. वेशीवर पहारेकरी उभा होता. अनोळखी गावात शिरताना माणूस वेशीवरच्याला नमस्कार करतो. मी करायला गेले. बटण चुकलं आणि तलवार चालली.

"वीरा! हे काय?" पहारेकरी म्हणाला. म्हणजे ती अक्षरं खाली उमटली. माझ्यासाठी मृणालने सगळी बोलणी मराठीत करून घेतली होती. चौथीपर्यंतच शिकले आहे, पण तेवढ्यावर भागलं.

"अहो, चुकून झालं," मी म्हटलं. टीव्हीला ऐकू येत नाही. त्याने मला मारलं. धुनीपाशी उठून मी पुन्हा तेवढी वाट चालले, तर तोच पहारेकरी हसून म्हणाला, "या वीरा, धुकेवाडीत स्वागत आहे."

असं गाव बरं. आमच्या सोसायटीत गाडी लावण्यावरून झालेलं भांडण दोन्ही घरांतल्या सुनांना वारशात मिळालं आहे.

गावातली घरं सगळी उघडी. आत पेट्या, मडकी, फडताळं. त्यांच्यावर बोट नेलं की 'उघडा' अशी अक्षरं चमकतात. मी एकही उघडलं नाही. मालकीण घरात उभी असताना तिच्या फडताळात हात घालणारा वीर असला तर त्याला पोलिसात द्यावा. मृणालची खुर्ची करकरली.

शेवटच्या घरात एक म्हातारी चुलीपाशी होती. तिला सगळे आत्या म्हणतात.

"लांबून आलास. बस. कढण घे."

कढण (कुळथाचं असावं, रंगावरून) मातीच्या वाटीत दिलं. चव कळण्याची सोय अजून नाही. प्यायल्यावर तब्येतीची हिरवी पट्टी भरली आणि वाटी आपोआप माझ्या झोळीत जाऊन पडली.

आत्याने वाट सांगितली. खिंडीत राक्षस आहे, त्याला मारलं की पलीकडे समुद्र. समुद्राशी पोचलं की खेळ संपतो. बायकांना वाट सांगण्यापलीकडे काम दिलं नाही तर त्या निदान वाट तरी नीट सांगतात. आत्याने नीट सांगितली.

खिंडीत राक्षस होताच. दुमजली घराएवढा, अंगावर शेवाळ. मी तलवार उगारली. त्याने पाय उचलला. धुनी.

पुन्हा गेले. पुन्हा पाय. सुरुवातीलाच झोळीत मिळालेली औषधं संपत आली. शेवटी लाल औषधाची एकच कुपी उरली. ती राक्षसासमोर प्यायली तर थोडा वेळ तरी टिकाव लागला असता, हे मलाही कळत होतं. मृणालचा श्वास ऐकू येत होता. समुद्रापर्यंत पोचले नाही तर निनाद म्हणणार, नवा माणूस धुकेवाडीत नुसताच रेंगाळतो आणि पुढे हरतो. गाव गेलंच मग.

कुपी बघायला झोळी उघडली तेव्हा शेजारी वाटी दिसली. आत्याची. मी ती घेऊन निम्म्या मुलखात हिंडत होते.

मागे वळले.

"आजी, खिंड तिकडे—" मृणाल बोलली आणि तिने तोंडावर हात ठेवला.

"माहीत आहे. वाटी द्यायची राहिली."

आत्याच्या दारात आले. आता वाटी रिकामी कशी द्यायची? शेजारणीकडून काही आलं तर भांडं भरून परत जातं. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर, पण रिकामं नाही. माझ्या सासूने हे मला सांगितलं नव्हतं. एकदा रिकामी वाटी माझ्या हातात बघितली आणि तिने फक्त बघितलं. झोळीत साखर नव्हती. तलवार वाटीत बसत नाही. मी ती लाल कुपी उचलून वाटीवर नेली. ती वाटीत ओतली गेली. वाटी आत्यापुढे धरली.

मागे खुर्ची पडली.

चित्र जागच्या जागी थिजलं. मला वाटलं टीव्ही बंद पडला. मग अक्षरं आली.

"वाटी भरून आली. मागचं दार उघडं आहे, बाळा."

चुलीमागे भिंत होती तिथे दार झालं. पलीकडे परसू, अळूची पानं, मग चढण. डोंगराच्या अंगाने पायवाट वर वर गेली. वरून धुकेवाडी दिसली, तळहाताएवढी, तिच्या धुरासकट. दुसऱ्या बाजूला खाली खिंड. राक्षस एका कुशीवर झोपला होता. झोपलेला बरा दिसत होता. मी त्याला तसाच ठेवला आणि उतरून समुद्राशी गेले. लाटा, मग अंधार, मग खेळ बनवणाऱ्यांची नावं. त्यात आमचं आडनाव होतं.

मृणाल खुर्ची उचलत होती. डोळे पुसत होती, पण ते मी विचारलं नाही.

"ते दार मीच ठेवलंय. अगदी सुरुवातीला. आजवर कुणी उघडलं नाही."

"का? कुलूप होतं?"

"वाटी कुणी परतच करत नाही, आजी. बाजारात विकतात. निनादला मी सांगितलं होतं, तर तो म्हणाला, असं कोण करतं?"

"मग मला मुद्दाम बसवलंस."

"हो."

लबाड आहे. पण घरातच शिकली आहे, त्यामुळे बोलायला जागा नव्हती.

सोमवारी ती वाघोली रस्त्यावरच्या ऑफिसातून आली आणि दारातच चपला काढता काढता सांगितलं. पहारेकऱ्याला मारल्यावर सगळं ऑफिस हसलं. वाटीपाशी कुणी हसलं नाही. निनादने तेवढा भाग पुन्हा लावला. गाव राहिलं. त्याला फक्त आत्याच्या दारावर बाण दाखवायचा होता, म्हणजे लोकांना कळेल. मृणाल नाही म्हणाली. भांडली म्हणे. बरं केलं. बाण बघून वाटी परत केली तर ती हमाली झाली.

निनादने माझ्यासाठी काजूकतली पाठवली होती, पातळ प्लॅस्टिकच्या डब्यात. मी डबा धुतला, शेंगदाण्याचे लाडू भरले आणि तिच्याबरोबर परत दिला. त्याने मृणालला विचारलं म्हणे, "अगं, हा तर फेकायचा डबा होता ना?"

प्रवासातून माणसाने काय आणलं असं विचारतात. मी काही आणलं नाही. मिशा तिथेच ठेवल्या. गुडघे जसेच्या तसे आहेत. आत्याला अजून एकदा भेटावं असं वाटलं, पण तिला मी आठवणार नाही, पहारेकऱ्याला नाही आठवले तशी. त्या मुलखाची तेवढीच एक वाईट गोष्ट.

परवा मृणालने पिशवीतून निनादने परत पाठवलेला तोच डबा काढून टेबलावर ठेवला. झाकण एका बाजूला तडकलं होतं, त्याला रबर लावलेला. आत दुकानातले वेफर्स होते, थोडे मऊ पडलेले.

खारट होते. पण डबा भरलेला होता.