कुत्र्याने खाल्लेला रोट

वरची खोली भाड्याने देताना मी त्या मुलीला सगळं विचारलं. नोकरी कुठे, मटण-अंडं शिजवणार का, पाहुणे किती येतात. कुत्रा आहे का, हे विचारायचं काही सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी रिक्षातून गादी उतरली, शेगडी उतरली आणि मागोमाग ते ध्यान उतरलं. एक कान फाटका, अंगावर धूळ, आणि उतरल्या उतरल्या माझ्या तुळशीपाशी पाय वर!

“हे काय गं?”

“काकू, डॉक्टरांनी सांगितलंय सोबत ठेवायला.”

“डॉक्टरांनी कुत्रा सांगितला? जेवणाआधी घ्यायचा की जेवणानंतर?”

ती हसली नाही. तिचा नवरा आदल्या वर्षी उन्हाळ्यात हायवेवर अपघातात गेला होता. तेव्हापासून तिला एकाएकी घाबरं व्हायचं, हात बधिर व्हायचे, श्वास अडकायचा. हे कुत्रं अंगाला रेलून बसलं की श्वास परत सुरळीत व्हायचा. त्याच्या जिवावरच मी कामावर जाते, म्हणाली. मला काही पटलं नाही. आमच्या काळी कुणाला घाबरं झालं की कांदा हुंगायला द्यायचे आणि कामाला लावायचे. एकट्या बाईला कुत्र्यासकट कोणी जागा देत नव्हतं, तिने आख्खं जळगाव पालथं घातलं होतं. पण मीही काही संत नव्हे. “कानबाईपर्यंत राहा,” म्हटलं. “सणाआधी दुसरी जागा बघ, नाहीतर कुत्र्याची सोय कर.”

जागा काही मिळाली नाही. श्रावणातला तो रविवार उजाडला, घरात कानबाई देवी बसली, चोपड्याहून दीर आले. कुत्र्याला दिवसभर वर बांधून ठेवते, असं तिने मला हात जोडून सांगितलं.

आमच्याकडे कानबाईचा रोट म्हणजे कडक काम. घरात जितकी माणसं तितक्या मुठी गहू दळायचे, त्याचे रोट करायचे आणि ते घरच्यांनीच खायचे. शेजाऱ्याला नाही, पाहुण्याला नाही, सासरी गेलेल्या लेकीलासुद्धा नाही. कण सांडला तरी घराला दोष. सासूबाई धुळ्याकडच्या, या बाबतीत त्या हायकोर्ट.

नैवेद्य झाला, ताटं वाढली आणि मी खीर आणायला वळले. तेवढ्यात गल्लीत डीजे सुरू झाला. ते कुत्रं बिथरलं, दोरी तोडून खाली आलं, स्वयंपाकघरात घुसलं आणि सगळी भीती बाजूला ठेवून माझ्या नवऱ्याच्या ताटातला रोट फस्त करून मोकळं झालं.

मी झाडू उचलला. नवरा नुसता “अगं, अगं” करत पाटावर उभा. ती मुलगी धावत आली आणि उंबऱ्याबाहेरच थबकली. “काकू, मारू नका त्याला, मी आजच निघते...” पुढे तिला शब्दच फुटेना. ओठ पांढरे पडले, ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि श्वासासाठी धडपडायला लागली. मी झाडू घेऊन उभी, कांदा आणायचंही सुचलं नाही. ते कुत्रं मात्र तोंडाला चुरा तसाच, माझ्या पायाजवळून निसटलं आणि तिच्या छातीला डोकं लावून बसलं. तिने त्याच्या मानेत बोटं रोवली. हळूहळू तिचा श्वास सुरळीत झाला. मी झाडू खाली ठेवला.

“सगळा सण बाटवला,” दीर म्हणाले.

सासूबाईंनी विचारलं, “रोट कोन्ही खादा?”

“कुत्र्याने,” मी म्हटलं.

“पुरा खादा?”

“चाटूनपुसून.”

“मंग तो आते घरनाच शे. घरनाले भायेर कसा काढशी?”

“आई, अगं कुत्रा आहे तो!” माझा नवरा म्हणाला.

“ऱ्हाऊ दे. आपला भाऊबंदस्मा यान्हापेक्षा वंगाय लोके शेतस, त्या बी खातस ना रोट!”

याच्याहून वाईट कोण, हे कुणी विचारलं नाही. दिरांनी मान खाली घातली. हायकोर्टाचा निकाल लागला, कुत्रा राहिला, आणि त्याच्याबरोबर तीही.

“चल, आत येऊन पाणी पी,” मी तिला म्हटलं.

“नको काकू, आत रोट आहे,” ती म्हणाली. “सासरी मीही खायचे. हे गेले, त्या श्रावणात त्यांनी माझ्या नावाची मूठ घेतलीच नाही.”

माझं टाळकंच सटकलं. तिच्या सासरच्यांना मी जे म्हटलं, ते कानबाईसमोर म्हणायचं नव्हतं. सासूबाई काही बोलायच्या आत मी माझ्या ताटातला रोट उचलला, पोरीला दंडाला धरून आत ओढलं आणि अर्धा मोडून तिच्या तोंडात कोंबला. ती चावत होती आणि रडत होती, हुंदक्यांनी घास बाहेर येऊ बघत होता.

“आधी खा गं पोरी, मग रड,” मी ओरडले. “कण सांडला तर आपल्या घराला दोष लागेल.”