आबांनी आणलेली मासळी

आमच्या आबांना जगात नवीन असं काही आढळलंच नाही. कुठल्याही गोष्टीचं नाव काढा, ती पोलादपुरात आधीपासून आहे, फरक असलाच तर थोडा इकडे-तिकडे, असं त्यांचं ठाम मत होतं. मुंबई म्हणजे काय, तर महाडच. गटारं जास्ती, येवढंच. विमान म्हणजे यस्टीच. खड्डे नायत, येवढंच. ‘येवढंच’ म्हणताना ते उजव्या हाताचा पंजा असा उलटा करत, की तव्यावरची भाकरी उलटली आणि विषय भाजून झाला. त्यानंतर घरात कुणी बोलायचं नसे.

मी त्यांची सून. माझं माहेर श्रीवर्धनच्याही पुढे, दारात माड आणि माडांच्या मागे समुद्र. मला बघायला ते महाडला माझ्या मामाकडे आले होते. मुलगी समुद्राकाठी वाढलीय असं मामाने सांगितलं, तेव्हा आबांनी माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं आणि स्वयंपाक येतो का, वाचता येतं का, हे विचारायचं सोडून मला समुद्र समजावून सांगितला. “समुद्र म्हंजे काय गो, पुरातली सावित्रीच. पलीकडचा काठ दिसत नाय, येवढंच.” मी मान खाली घालून ऐकून घेतलं. बघायला आलेल्या माणसांसमोर मुलीने वाद घालायची पद्धत नव्हती. आबांनी त्या दिवसापर्यंत समुद्र डोळ्यांनी पाहिलेलाच नव्हता, हे मला लग्नानंतर कळलं. लग्नही तेव्हाच्या रीतीप्रमाणे मुलाच्या दारात लागलं, त्यामुळे आमच्याकडे यायची वेळ त्यांच्यावर आली नाही.

त्यांच्या या ज्ञानाची किंमत अधूनमधून त्यांनाच मोजावी लागे. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा, “जातंच ते, आवाज जास्ती,” असं म्हणत ते चालत्या पट्ट्याजवळ वाकून बघायला गेले आणि खांद्यावरचं उपरणं पट्ट्याने ओढून नेलं. गिरणीवाला घाबरून पांढराफटक पडला. आबा मात्र चिंध्या गोळा करत म्हणाले, “उपरणं गेलं, मान नाय गेली, येवढंच.” घरी येऊन सासूबाईंना त्यांनी ते उपरणं तसंही जुनं झालं होतं असं पटवलं. ते गेल्या दिवाळीतलं होतं.

मला दिवस गेले तेव्हा माझे यजमान मुंबईला गिरणीत होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण माझे दिवस भरणार होते कार्तिकात, आणि भातकापणीही त्याच सुमाराला. आबांनी ओटीवर बसून निकाल दिला, “बाळंतपण म्हंजे बाळंतपण. हितली सुईण काय नि तिथली सुईण काय. तिकडं खारा वारा जास्ती, येवढंच.” आणि पंजा उलटला. घरात कापणीला एक हात कमी पडेल, हे त्यांच्या मनातलं होतं. ते त्यांनी सांगितलं नाही, पण सगळ्यांना कळलं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा चुलीत फुंकर घालायला घेतली. मीही चुलीपाशीच बसून रडून घेतलं. ओल्या लाकडांचा धूर इतका होता की रडणारी कोण आणि धुराने डोळे चोळणारी कोण, हे सांगता आलं नसतं. आई हवी होती मला, दुसरं काही नको होतं. आणि झोप हवी होती. लग्न होऊन या घरात आल्यापासून मला धड झोप लागत नव्हती.

आषाढात एका दुपारी शेजारच्या बायका आल्या आणि काय खावंसं वाटतं गो, म्हणून विचारू लागल्या. आबा ओटीवर होते. त्यांचे कान पावसातही स्वच्छ असत. ‘आईच्या हातचं’ असं तोंडावर आलं होतं, ते मी गिळलं आणि म्हटलं, “ताजं पापलेट.” समुद्रकाठच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की आषाढात ताजं पापलेट मिळत नाही. होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात आणि नारळी पुनवेपर्यंत कोळी पाण्यात उतरत नाही. पण माझं डोकं तापलेलं होतं. मागून मिळणारच नसेल, तर मग न मिळणारंच मागावं, असं वाटलं.

ओटीवरून आवाज आला, “येवढा समुद्र भरलाय नि एक पापलेट मिळायचं नाय? उद्या निघतो.”

यातली खरी मौज अशी, की त्याच वेळी आमच्या मागच्या पडवीत सासूबाई टोपलीभर ताजे मासे साफ करत होत्या. आमच्या या डोंगराकडच्या भागात पाऊस धरला की मासे प्रवाहाच्या उलट, ओढ्यांतून थेट शेतापर्यंत चढून येतात. चढणीचे मासे म्हणतात त्यांना. पोरंटोरंही हातांनी धरतात. सासूबाई म्हणाल्या, “अवो, दारात मासं उड्या मारतायत, नि तुमी कुटं निघालाव?” आबा म्हणाले, “ते ओढ्यातलं. तिला समुद्रातलं हवंय.” समुद्र जर पुरातली सावित्रीच, तर तिथला मासा निराळा कसा, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. भावकीतले दोघे सोबत यायला तयार होते, त्यांनाही आबांनी नको म्हटलं. घोंगडी, छत्री आणि माशांसाठी झाकणाचा मोठा पितळी डबा घेऊन ते भर पावसात एकटेच निघाले. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघताना आपल्याला बघणारं ओळखीचं कुणी नसावं, असा त्यांचा विचार असावा.

पुढचं मला माझ्या भावाने नंतर सांगितलं. म्हसळ्यापर्यंत एस.टी. आणि तिथून जमेल तसे, बरेचसे चिखलातून पायी, असे आबा आमच्या गावी पोचले. व्याह्यांच्या घरी न जाता आधी थेट किनाऱ्यावर गेले. होड्या झावळ्यांखाली झाकलेल्या, माणूस ना काणूस. एक म्हातारा कोळी होडीच्या आडोशाला जाळं विणत बसला होता. आबांनी डबा पुढे करून पापलेटं मागितली. तो म्हणाला, “दर्या बंद हाय, पावनं.”

आबांना ते पटेना. बंद म्हणजे काय, दार कुठं लावलंय, असं ते विचारू लागले. येवढं पाणी असून मासा नाही म्हणजे तुम्ही लोक आळशी, इथवर त्यांची मजल गेली. म्हातारा उठलासुद्धा नाही. जाळ्यातला हात काढून त्याने फक्त समोर बोट दाखवलं. आबा तावातावाने पाण्याकडे चालू लागले आणि एका लाटेने त्यांना कमरेपर्यंत भिजवून, छत्री आणि एक वहाण घेऊन, वाळूवर बसवून दिलं.

कुणी पाहुणा किनाऱ्यावर भांडतोय, असं ऐकून माझा भाऊ धावत गेला, तर आबा तिथेच बसलेले. डबा मांडीवर. समोर आषाढातला समुद्र, म्हणजे आवाजच आवाज. भाऊ म्हणतो, त्यांनी उजवा पंजा थोडा उचललाही होता, पण तो उलटला नाही, तसाच खाली आला. मग त्यांनी विचारलं, “आमची सून हितं झोपायची? येवढ्या आवाजात?”

भाऊ म्हणाला, “तिला याच्याशिवाय झोप येत नाही, आबा.”

आबा उठले आणि भावाच्या मागोमाग चालू लागले. घरी आईने त्यांना गरम पाणी दिलं, कोरडं धोतर दिलं आणि सुक्या बोंबलांचं कालवण वाढलं, कारण समुद्राकाठी पावसाळ्यात तेच असतं. वाढता वाढता ती संकोचून म्हणाली, “तुमच्याकडे चढणीचे मासे लागले असतील ना? येताना चार आणले असतेत, तर इथं सगळ्यांच्या जिभेची हौस भागली असती.” आबांनी मान वर न करता दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

ते परतले तेव्हा आमच्या ओटीवर निम्मी आळी जमली होती. आबांच्या मिशांतून पाणी ठिबकत होतं, घोंगडीचा लगदा झाला होता आणि पायांत माझ्या वडिलांच्या वहाणा होत्या. सासूबाईंनी डबा उघडला. आत काठोकाठ सुके बोंबील. आबांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, “निघालो तवा ताजेच व्हते. वाटंत सुकले, येवढंच.”

धो धो पावसात मासे कसे सुकले आणि सुकता सुकता पापलेटांचे बोंबील कसे झाले, याचा खुलासा त्यांनी मरेपर्यंत केला नाही. गावाने मात्र ते वाक्य सोडलं नाही. कुणी बाजारातून आणलेला बैल मरतुकडा निघाला, तरी लोक म्हणत, घेतला तेव्हा धट्टाकट्टा होता, वाटेत सुकला. आबा ऐकत आणि विडी पेटवत. मीही पदराआड पुष्कळ हसले, खोटं कशाला सांगू?

पण त्याच संध्याकाळी जेवताना, ताटातल्या बोंबलाकडे बघत ते सासूबाईंना म्हणाले, “गौरी-गणपती झाले की हिला म्हायेरी पोचवायची.”

सासूबाईंनी विचारलं, “नि कापणी?”

“मासा हिकडं येत नाय. मंग खाणारीला तिकडं न्यायची, येवढंच.”

त्या वर्षी माझ्या वाटणीचं भात आबांनीच कापलं. कंबर धरलेली असायची, बांधावर बसून लेप लावून घ्यायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे की कापणी म्हणजे गवत कापणंच, वाकावं जास्ती लागतं. मी तेव्हा आईकडे होते. पहिल्या रात्री समुद्राच्या आवाजात मी अशी झोपले, की आई दोनदा श्वास चालू आहे का बघून गेली. मुलगी झाली. समुद्र म्हणजे काय, हे आबांनी पुन्हा कुणालाही समजावून सांगितलं नाही. कुणी मुद्दाम डिवचलंच तर म्हणायचे, “जाऊन बघा.”

मुलगी शाळेत जायला लागली त्या वर्षी आबा गेले. दहाव्याला सावित्रीच्या काठी पिंड ठेवला, आणि कावळा शिवेना. झाडावर चांगले चार-पाच बसले होते, पण एकही खाली येईना. यजमानांनी हात जोडून सांगितलं, आईला सांभाळीन, शेत विकणार नाही. भावकीतल्यांनी बांधाचा जुना तंटा मिटवायचं कबूल केलं. कावळे आपले पंख साफ करत बसले. ऊन चढलं, भटजी घाम पुसू लागले. सासूबाई नुसत्या पिंडाकडे बघत होत्या. ते मला बघवेना.

मी बायकांमधून पुढे झाले आणि वाकून हळूच म्हटलं, “आबा, मासे ताजेच होते. वाटेत सुकले.”

एक कावळा झपकन उतरला आणि त्याने पिंडाला चोच मारली. सगळ्यांनी हात जोडले. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला, आणि यजमान मला विचारू लागले, तू असं काय बोललीस? डोळे पुसून मी उजवा पंजा उलटा केला.

“भूक लागली होती त्याला,” मी म्हटलं, “येवढंच.”