थर्माकोलच्या डब्यातला नमुना

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, मग चहा पिताना ठसका नको लागायला. माझ्याइतका बावळट माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात सापडायचा नाही. हे मी नाही, माझी बायको म्हणते.

आमचं घर बोदलकसा तलावाजवळ, धंदा मासोळीचा. लग्नाला चार वर्षं झाली तरी पाळणा हलेना. ममताच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, सगळ्या तपासण्या झाल्या, सुया झाल्या, उपास झाले. तिच्यात काहीच खोट निघाली नाही. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता नवऱ्याचं वीर्य तपासा. घरी येऊन ममता एवढंच बोलली, "चार वर्षं लोकायचं मी ऐकून राहिली. आता तुमची पाळी."

गेलो गोंदियाला, लॅबमधून नमुन्याची डबी आणायला.

लॅबवाल्या म्याडमनं डबी दिली, कशी आणायची तेही सांगितलं. पण खरं सांगू का? शरमेनं माझे कानच बंद झाले होते. मी खाली फरशी पाहून राहिलो होतो. दोनच गोष्टी डोक्यात शिरल्या. घरून आणलं तरी चालते, आणि तासाभरात ताजं पाहिजे.

ताजं? अरे, हे कोणाले शिकवता? तीन पिढ्या झाल्या, आम्ही मासोळी ताजी ठेवून राहिलो!

चार दिवसांनी सकाळी काम उरकलं, डबी प्लास्टिकच्या पन्नीत बांधली. थर्माकोलच्या डब्यात खाली बर्फ, वर बर्फ, मधात माझी डबी. फटफटीवर डबा आवळला आणि असा सुटलो की पन्नास मिनिटांत गोंदिया. छाती नुसती फुगलेली.

लॅबमध्ये बाकावर कोण बसलेलं? माझे सासरे! गोंदियातच राहतात, शुगर तपासायला आलेले. आता तलावाकडचा जावई गोंदियाला आला म्हणजे सासरी मासोळी आणणारच, ही आमची रीत. त्यांनी माझ्या हातातला डबाच धरला.

"जावईबापू, कायले एवढी तकलीफ? रोहू हाय का?"

मी म्हटलं, मामाजी, हे तुमच्यासाठी नाही. त्यांना वाटलं, जावई लाजून राहिला. मसाला वाटायला सांगतो म्हणत ते डब्यासकट दाराकडे निघाले. मी डबा ओढला, ते सोडेनात. तास संपायला पाच मिनिटं, आणि बाकावरचे लोक मला किलोचा भाव विचारून राहिले!

त्या ओढाताणीत झाकण उडालं. बर्फ सांडला, डबी वर आली. तिच्यावर मोठ्या अक्षरात माझं नाव, खाली लिहिलेलं 'वीर्य'. सासऱ्यांनी चष्मा लावून नीट वाचलं, डबा हळूच बाकावर ठेवला आणि दोन्ही हात धोतराला पुसले.

तेवढ्यात म्याडम आली. "भैया, बरफ में किसने बोला? शर्ट के अंदर, बदन से लगाकर लाना था. ठंड में सब सुस्त पड़ जाते हैं. तीन दिन बाद फिर से देना."

मला वाटलं, आता सासरे फाडून खातील. त्यांनी मात्र मला बाकावर शेजारी बसवलं. मग म्हणाले, "आम्ही बी पोरीलेच नावं ठेवून राहिलो होतो. तुम्ही तपासाले आले, हे बरं केलं."

दुसऱ्यांदा नमुना लॅबमधल्याच खोलीत दिला. शुक्राणू जरा कमी निघाले. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, तंबाखूचा खर्रा सोडायला लावला. आता आमची पोरगी दीड वर्षाची आहे.

पण अजूनही मी डबा घेऊन सासरी गेलो की सासूबाई दारातच थांबवतात. नातीला कडेवर घेतात, डब्याला हात लावत नाहीत, आणि अख्ख्या मोहल्ल्याला ऐकू जाईल असं विचारतात, "जावईबापू, मासोळीच हाय नं?"