उजवा कान, डावा कान

सरकारी गुरांच्या दवाखान्यात मी कंपौंडर होतो. निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील. परभणीला एक नवी पांढरी भुकटी आली, झाडपाल्याची नव्हे, कारखान्यात रसायनं जोडून केलेली. काचेच्या बशीत तिनं मेंढरांच्या छातीतले रोगजंतू मारले होते. आता जित्या मेंढरांवर पाहायचं होतं.

पिंगळीजवळ दोन सख्ख्या भावांच्या कळपात साथ होती. नाकातून रक्ताचा फेस यायचा आणि मेंढरू पाय झाडत आडवं व्हायचं. डॉक्टरांनी मला बजावलं, "हाती येईल तसं धर. एकाला औषध, पुढच्याला खडूची भुकटी. औषधवाल्याला रंगाची खूण कर. कुणाला काय पाजलं, ते मालकाला सांगू नकोस."

रंगाचा डबा कोण वाहणार? कळप एकत्र चरायचा, पण थोरल्याच्या मेंढरांचा उजवा कान कापलेला होता, धाकट्याच्यांचा डावा. म्हणजे खूण आयतीच. मी डाव्या कानाला औषध पाजलं, उजव्याला खडू. निम्म्या वेळात काम आटोपून बाभळीखाली घोरलोही.

चौथ्या दिवशी नोंदी घ्यायला गेलो, तर कुत्री मेलेल्या मेंढरांची पोटं फाडत होती. सगळ्यांचे उजवे कान कापलेले. थोरल्याच्या हातात कुऱ्हाड.

"माझीच कशी मरायलीत रं? तुझं एक न्हाई गेलं."

"मला काय ठावं, दादा."

"करणी केलीस तू."

कुऱ्हाडीचा दांडा धाकट्याच्या कपाळावर बसला आणि कातडी भुवईपर्यंत सोलली गेली. धाकट्यानं थोरल्याच्या मनगटाला चावा घेतला तो सोडेचना. दोघं लोळत मेलेल्या मेंढरांवर पडले. थोरला वर आला आणि त्यानं कुऱ्हाडीचं पातं फिरवून धरलं.

मी तोवर सायकलवर टांग टाकली होती. खोटं कशाला बोलू, दहा-बारा हात गेलोही. मग मागून धाकट्याची बायको किंचाळली, आणि माझ्याच तोंडून निघालं, "त्यानं काही केलं न्हाई. तुमच्या मेंढरांना मी खडू पाजलाय."

आतापर्यंत एकमेकांच्या जिवावर उठलेले भाऊ क्षणात एक झाले. एकानं मला सायकलवरून ओढलं, दुसऱ्यानं लाथ घातली. खांद्याचं हाड मोडलं तो आवाज मी स्वतः ऐकला.

"औषध उरलंय का?" थोरल्यानं छातीवर बसून विचारलं.

"हाय."

"आधी तू पी."

नाक दाबून त्यानं मेंढरांना पाजायची बांबूची नळी माझ्या घशात कोंबली. पुढचा दात त्यातच गेला. कडू पाणी आणि रक्त मी दोन्ही गिळलं. मी मरतो का, हे पाहत दोघं भाऊ आणि धाकट्याची बायको बसून राहिली. धाकटा डोळ्यात उतरणारं रक्त पुसत म्हणाला, "दादा, जितं हाय ते. पाजून टाकू."

थोरल्याची अकरा मेंढरं उरली होती. धाकट्यानं जबडे उघडून धरले, थोरल्यानं नळी लावली. भुकटी किती घालायची, ते मी पडल्या पडल्या बोटांनी दाखवत होतो.

डॉक्टर म्हणाले, "प्रयोगाची पार माती केलीस." जबडा सुजल्यामुळे मला उलट बोलता आलं नाही, ते बरंच झालं. अकरांतली नऊ जगली. हात गळ्यात बांधून मी रोज मोजायला जायचो, पण बांधाच्या अलीकडूनच.