पाण्याचा स्वभाव

तुमसरच्या आमच्या कॉलेजातले केमिस्ट्रीचे सर बोलण्याआधी चष्मा पुसतात. प्रयोगशाळेतल्या वाफा बाहेर टाकणारा पंखा बंद पडला, तेव्हा स्टाफरूममध्ये चष्मा पुसून मला म्हणाले, “पोरं खोकलून राहिले. मी बोलतो साहेबाले.” आम्ही दोघं प्राचार्यांकडे गेलो. तिथेही सरांनी चष्मा पुसला आणि प्राचार्यांना म्हणाले, “पंखा कायले पाहिजे, सर? खिडक्या आहेत ना.”

पुढच्या तासाला मी शेजारच्या वर्गात होतो, त्यांचं शिकवणं ऐकू येत होतं. “पाणी समोर कोण आहे थे पाहते. ॲसिडकडून प्रोटॉन घेते, अमोनियाले देते.”

एका मुलीने खोकत विचारलं, “मग पाणी स्वतः काय आहे, सर?”

भिंतीपलीकडे सर चष्मा पुसत असावेत.

“थे परीक्षेत येत नाही, माय. बस खाली.”